खोपोलीला सुटलेला पाय

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या थोरल्याने मला प्लास्टरमधला हात दाखवला. पाती लावलेले बूट घालून बर्फावर उभं राहायचं, समोरून येणाऱ्याला गोलपर्यंत पोचू द्यायचं नाही आणि त्यासाठी संघाकडून पगार घ्यायचा, ही त्याची नोकरी. ज्याने त्याला मागून येऊन फळीवर आपटलं त्याला म्हणे चार मिनिटं बाहेर बसवलं, मग तो पुन्हा खेळायला आला. "आजी, आजोबा असते तर काय म्हणाले असते?" असं त्याने विचारलं.

आजोबा म्हणाले असते, सोडून दे. त्यांचा स्वभावच तसा होता. पण मी तसं म्हणणार नाही, कारण मी स्वतः सोडून दिलेलं नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवेल. तिलाही यातलं निम्मंच माहीत आहे.

तुमचे आजोबाही बचावातलेच. कबड्डीच्या संघात सात जण असतात. प्रतिपक्षाचा एक गडी दम धरून आत येतो, कोणाला तरी शिवून मध्यरेषेपलीकडे परत जाऊ पाहतो, आणि आतल्यांनी त्याला धरून ठेवायचं. आजोबा डाव्या कोपऱ्यात उभे राहत. त्यांची पकड घोट्याची. चढाईला आलेल्याच्या डोळ्यांकडे ते कधी पाहत नसत. ते म्हणत, डोळे खोटं बोलतात, गुडघा बोलत नाही. कडावजवळच्या आमच्या गावात भाताची कापणी झाली की मोकळ्या खाचरात ढेकळं फोडून मैदान करत, तिथे ते लहानपणापासून खेळले. खेळ सुरू होण्याआधी दोन्ही तळवे मातीत घासायचे, मग खाली वाकून बसल्यासारखे उभे राहायचे. बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस पडलेली वस्तू शोधतो आहे. आणि एकदम पुढच्याचा पाय जमिनीत पुरल्यासारखा थांबे.

ही सवय घरातही सुटली नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "तू चिडलीस की डावा पाय आधी टाकतेस." मी कर्जतची, इंग्रजी शाळेत शिकलेली, शिक्षकाची मुलगी. नवऱ्याने चेहऱ्याऐवजी पाय वाचावेत हे मला चमत्कारिक वाटलं. पुढे मी कर्जतच्याच शाळेत विज्ञान आणि इंग्रजी शिकवू लागले, तेव्हा सासूबाई शेजारणीला सांगत, "आमची सून चांगली हाय गं, पण भातात मीठ घालताना पन वहीत बघते."

खोपोलीच्या एका कारखान्याचा कबड्डीचा संघ होता. आजोबांचा खेळ पाहून त्यांनी त्यांना भांडारात नोकरी दिली. सकाळी भांडारात काम, दुपारनंतर सराव, आणि हिवाळ्यात गावोगावच्या स्पर्धा. आजच्या भाषेत व्यावसायिक खेळाडूच म्हणायचं. पाच वर्षं ते त्या संघाचा डावा कोपरा होते. खालापूरपासून पनवेलपर्यंत लोक त्यांना ओळखत. रस्त्याने जाताना पोरं ओरडत, "आला रं आला, पाय संबाळा!"

आता दुसरा माणूस. माझ्या नणंदेचा, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीचा, नवरा. खालापूरकडचा, मुंबईच्या एका गिरणीच्या संघात चढाई करणारा. देखणा, केस मागे वळवलेले, आणि बोलण्यात पुढे. मी त्याला भावोजी म्हणत असे. मैदानावर तो पाण्यातल्या माशासारखा निसटायचा. सगळे म्हणत, काय अंग आहे! अंगाचं कौतुक मीही करत होते, हे कबूल करते.

त्या वर्षी खोपोलीला अंतिम सामना होता, आजोबांचा कारखाना आणि भावोजींची गिरणी. बायकांच्या बाजूला मी आणि नणंद शेजारी शेजारी बसलो होतो. तिचा भाऊ एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. तिने टाळ्या कोणासाठीच वाजवल्या नाहीत, पदर तोंडात धरून बसली. शेवटच्या चढाईला आजोबांचा संघ एका गुणाने पुढे होता. भावोजी आले. डावीकडे वळले आणि आजोबांनी त्यांचा घोटा धरला. मी स्वतः पाहिलं. दोन्ही हात घोट्यावर, छाती पोटरीला चिकटलेली. बाकीचे दोघे धावून वर पडले. सामना संपलाच होता. आणि तो पाय हातातून निघून गेला. भावोजी रेषेपलीकडे पडले, आणि तिघे बाद झाले.

आजोबा गुडघ्यावर बसून स्वतःच्या हातांकडे पाहत होते. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "भाऊबीज घातली रं मेव्हण्याला!" मग सगळं मैदान हसलं. कारखान्याचा क्रीडा अधिकारी खुर्चीवरून उठला आणि आजोबांकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर कपडे धूत होते. त्यांची बनियन पाण्यात बुडवली, तर छातीवरचा हातभर भाग भिजेना. पाण्याचे थेंब वर उभे राहिले. मी नाकाला लावून पाहिली. कापूर घातलेलं खोबरेल. खेळाआधी मालीश सगळेच करतात, पण नंतर अंग कोरडं पुसून मैदानात यायचं हा नियम आहे. अंगाला तेल लावून खेळणारा बाद. पंच नखं तपासतात, पोटऱ्यांवरून हात फिरवतातच असं नाही.

मी ओल्या हातांनी तशीच घरात गेले. म्हटलं, "हे बघा. हे पंचांना दाखवायचं."

त्यांनी बनियन पाहिली, पण हातात घेतली नाही. "धुवून टाक."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हाताला लागलं ते कळणार नाय का मला?"

"मग बोला ना! लोक तुम्हाला काय म्हणताहेत ते ऐकलंत ना?"

"तिला तिथं नांदायचंय," एवढंच म्हणाले. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मागे न वळता सांगितलं, "जावई हाय तो आपला. जावयाचं नाव घरातनं बाहेर जायचं नाय, बाय."

मी ती बनियन धुतली. तीन वेळा साबण लावला. आयुष्यात मी केलेला एवढाच आज्ञाधारकपणा, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

पंधरा दिवसांत आजोबांना संघातून काढलं. खेळणाऱ्यासाठी दिलेलं भांडारातलं कामही गेलं आणि त्यांना चुन्याच्या हौदावर पाठवलं. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावीस. पोचलेल्या पकडपटूची खरी वर्षं तिथून पुढे सुरू होतात. ते रोज संध्याकाळी पांढऱ्या भुवया घेऊन घरी येत आणि खोकत. स्पर्धांना जायचे बंद झाले. गावच्या पोरांनी खाचरात मैदान केलं की हे लांबच्या बांधावरून घरी येत.

आणि भावोजी? त्यांचं नाव त्या एका चढाईने झालं. दर दिवाळीला नणंदेला घेऊन येत. पाटावर बसवून त्यांना आधी वाढायचं, हा मान. आजोबा पाट ठेवायला वाकले की ते हसत हसत पाय वर घेत. "दादा, जपून हां. सवय गेली नसंल तुमची." आजोबाही हसत. मी करंज्यांचं ताट घेऊन उभी. एकदा म्हणाले, "वैनी, तुमी इंग्रजी शिकलेल्या. सांगा बरं, घोटा धरून सोडून देनाऱ्याला इंग्रजीत काय म्हनतात?" मी म्हटलं, "शब्दकोशात बघून सांगते, भावोजी." सहा दिवाळ्या अशा गेल्या. प्रत्येक वर्षी मी त्यांना दोन करंज्या जास्त वाढल्या. मनात मी काय वाढत होते ते लिहीत नाही.

तुम्हाला वाटेल, सहा वर्षं मी बेत करत होते. तसं नाही. राग होता, पण त्याला रस्ता नव्हता. रस्ता मला नणंदेने दाखवला, तिला न कळत. एका दिवाळीत मागच्या दारी भांडी घासताना ती म्हणाली, "यांच्या खेळाच्या चड्ड्या धुता धुता हात दुकतात गं वयनी. साबन पुरत नाय. आता तर पैल्यापेक्षा जास्त." ती भोळी होती. भावोजींचं वय वाढलं होतं, पाय मंदावले होते, म्हणून बाटली जास्त लागत होती. मी राखेने घासलेलं पातेलं तिच्या हातात दिलं आणि ते पातेलं बघत राहिले. तेलकट भांड्याला राख लावली की पहिल्यांदा काय होतं ते सगळ्या बायकांना ठाऊक असतं. काळा लेप बसतो, आणि नुसत्या पाण्याने तो जात नाही.

पुढच्या हिवाळ्यात कर्जतला आमच्या शाळेच्या मैदानावर मोठी स्पर्धा ठरली. गिरणीचा संघ येणार, भावोजी येणार. मी नीटनेटकी म्हणून मुख्याध्यापकांनी मैदानाची तयारी आणि पाहुण्यांचं स्वागत ही दोन कामं माझ्याकडे दिली. त्यांनी आणखी कोणाकडे दिली असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

मी आधी घरी प्रयोग केला. उजव्या पोटरीला खोबरेल चोळलं, डावी तशीच ठेवली. घराभोवती घाम येईपर्यंत फेऱ्या मारल्या आणि भाताच्या तुसाच्या राखेत उभी राहिले. दोन्ही पाय सारखेच काळे. मग तांब्याभर पाणी ओतलं. डावा पाय स्वच्छ झाला. उजव्यावरून पाणी ओघळून गेलं आणि काळं तिथेच राहिलं. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "ह्ये काय चाललंय?" मी म्हटलं, "शाळेचं आहे."

कडावच्या भातगिरणीतून दोन बैलगाड्या राख मागवली. गाडीवाला मैदानावर उभा राहून डोकं खाजवू लागला. "बाई, येवढी राख? मैदान घासायचंय का काय?"

"माती मऊ राहते," मी म्हटलं. "पडलं तरी लागत नाही."

"मंग आमच्या घरात कोन पडत नाय का? तिथं कोनी राख टाकत नाय."

पण पसरली त्याने. चाळून, मातीवर बोटभर थर. आणि खरं सांगायचं तर मैदान छान झालं होतं. खेळाडूंनीही कौतुक केलं.

सामन्याच्या दिवशी आजोबा येणार नव्हते. मीच आग्रह केला. ते मागे, कुंपणापाशी, चुलत्यांबरोबर उभे राहिले. पहिला डाव संपेपर्यंत चौदाही जण कमरेपर्यंत काळे झाले होते. भावोजी त्या दिवशीही निसटत होते. एक कोवळा कोपरारक्षक त्यांचा पाय हातातून गेल्यावर आपल्या तळव्यांकडे बघत बसला, अगदी तसाच. ते पाहिलं आणि माझ्या मनात उरलासुरला जो संकोच होता तोही गेला.

मध्यंतरात लाउडस्पीकरवरून, मी लिहून दिल्याप्रमाणे, जाहीर झालं: कर्जत तालुक्याचे जावई आज आपल्या मैदानावर खेळताहेत, त्यांचा आपल्या पद्धतीने मान करू या. जावई दारात आला की पाय धुवायला पाणी द्यायचं, ही आपल्याकडची रीत. त्याला नाही म्हणणं म्हणजे सासरचा अपमान. पंच, पुढारी आणि मुख्याध्यापक खुर्च्यांवर बसले होते. त्यांच्यासमोर मी पाट ठेवला, परात ठेवली, पितळेचा तांब्या आणि शाळेचे दोन पांढरेशुभ्र नॅपकिन. लोक टाळ्या वाजवू लागले. भावोजी हसत आले, मान वाकवून पाटावर उभे राहिले, आणि मग त्यांनी परातीकडे पाहिलं.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमी मोठ्या."

"असं कसं, भावोजी? मान आहे तुमचा."

मी पाणी ओतलं. घोट्याखालचं पाऊल उजळलं. वर पोटरीवर पाण्याचे मणी झाले आणि घरंगळले, काळं जसंच्या तसं. मी आणखी एक तांब्या ओतला. मग नॅपकिन घेतला आणि पुसलं, अगदी मायेने, वरून खाली. नॅपकिनवर तेलकट काळा पट्टा उठला. मी तो घडी न करता, उघडाच, खुर्च्यांच्या बाजूला ठेवला.

"वैनी, घरची गोष्ट हाय," ते पुटपुटले. ओठ न हलवता. "तिचा तरी इचार करा."

मी दुसरा पाय धुवायला घेतला.

मुख्य पंच म्हातारे होते. ते उठले, वाकले, बोट पोटरीवरून फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग बाकीच्या तेरा जणांना बोलावून त्यांनी एकेकाच्या पायावर पाणी ओतवलं. सगळे पाय स्वच्छ. भावोजी पाटावर तसेच उभे होते, कारण जावयाने पाटावरून कधी उतरायचं ते त्यांना कोणी सांगेना. पंचांनी त्यांना बाद केलं. लाउडस्पीकर बंदच होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

आणि मग मागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा आवाज आला, मी सात वर्षं ज्याची वाट पाहत होते तो. "आरं, म्हनून सुटला व्हता खोपोलीला!"

लोक वळून कुंपणाकडे बघू लागले. कोणी शिट्ट्या वाजवल्या, कोणी आजोबांना खांद्यावर घ्यायला धावलं. पण आजोबा तिथे नव्हते. ते कडावच्या रस्त्याला लागले होते.

घरी पोचले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. बातमी माझ्याआधी पोचली होती. "माज्या लेकीचं माहेर तोडलंस," म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमच्या लेकाचे हात तोडले होते त्यांनी. तेव्हा तुम्ही चुलीकडे तोंड करून बसलात." सासूला असं बोलू नये. मी बोलले.

आजोबा माझ्याशी अकरा दिवस बोलले नाहीत. बाराव्या दिवशी ओट्यावर बसून म्हणाले, "तेल व्हतं. खरंय. पन त्या दिवशी ती समोर बसलेली. पदर तोंडात धरून. मी तिच्याकडं पायलं." त्यांनी तळवे एकमेकांवर घासले. "तेलानं सुटला का माज्यानं, ते मला पन ठावं नाय. सात वर्सं इचार करतोय. आनि तू सगळ्या तालुक्याला सांगून मोकळी झालीस."

"तेलानेच सुटला," मी म्हटलं.

"तुला काय म्हाइत?"

"मी बनियन धुतली आहे."

ते उठून गोठ्यात गेले. त्यांची शंका मी त्या दिवशी मानली नाही, आजही मानत नाही. पण त्यांनी ती मला सांगितली होती, म्हणून तुम्हालाही सांगते.

महिन्याभरात कारखान्याने त्यांना बोलावलं. क्रीडा अधिकारी नवा होता. खेळायचं वय गेलं होतं, म्हणून त्यांना शिकवायला ठेवलं, आणि चुन्याच्या हौदावरून भांडारात परत आणलं. खोकला मात्र परत घेतला नाही कोणी. पुढची पंधरा वर्षं त्यांनी मुलांना घोट्याची पकड शिकवली. मैदानावरून घरी येताना ते गुणगुणत असत. ते गुणगुणणं मी परत आणलं, असं मी मानते. त्यांनी मला तसं कधी म्हटलं नाही.

नणंद पुढची बरीच वर्षं आली नाही. मला तिची आठवण येत असे, विशेषतः मागच्या दारी. ती किंमत मी दिली, आणि आधी विचार केला असता तरी दिली असती.

एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी खालापूरला एका लग्नात भावोजी मला भेटले. सुटलेलं पोट, केस गेलेले, चालताना गुडघ्यावर हात. मांडवात दोन तरुण पोरं त्यांच्याकडे पाहून एकमेकांना कोपराने ढोसत होती. एक म्हणाला, "पावनं, पाय धुतलं का?" भावोजींनी ऐकलं नाही असं दाखवलं. मग माझ्याजवळ आले.

"वैनी, येवढी वर्सं झाली. माजी पोरं मोठी झाली, त्यांच्याम्होरं लोक बोलतात. तुमच्या शब्दाला मान हाय. कोनाला तरी सांगा. म्हनावं, तसं काय नव्हतं. म्हनावं, गैरसमज झाला."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खरं होतं, खोटं नव्हतं. नणंद पलीकडच्या रांगेत बसून आमच्याकडे बघत होती. मी क्षणभर थांबले, तेवढंच.

"भावोजी," मी म्हटलं, "त्या दिवशी तुमच्याविरुद्ध मी एक शब्दही बोलले नव्हते. मग आता काय परत घेऊ?"

पंगत बसत होती. मी जाऊन बसले, आणि जिलेबी दोनदा मागून घेतली.